शाबूत हात

चाकणच्या एका कंपनीत गुरुदत्त केंजळे गेली सव्वीस वर्षं मापं घेत होता. कंपनी गिअरबॉक्सचे भाग बनवायची आणि ते भाग ज्या हत्यारांनी मोजायचे, ती हत्यारं बरोबर आहेत की नाहीत हे गुरुदत्तची गेजरूम ठरवायची. म्हणजे तो मोजणाऱ्यांना मोजणारा. हे वाक्य त्यानं स्वतःच तयार केलं होतं आणि कंपनीत नवीन पोरं आली की पहिल्याच दिवशी तो त्यांना ते ऐकवायचा. पोरं मान डोलवायची आणि चहाला जायची.

हत्यार कितीही महागाचं असो, शेवटचं काम बोटांचं, असं त्याचं ठाम मत होतं. भोकाचा व्यास मोजायचं बोअर गेज भोकात सोडून हलकेच झुलवायचं असतं. काटा खाली येतो, येता येता एका जागी थबकतो आणि पुन्हा वर चढायला लागतो. तो जिथं वळतो, ते खरं माप. ती वळायची जागा नेमकी पकडणं याला गुरुदत्त 'फील' म्हणायचा. हा फील आपल्या उजव्या हाताइतका पुणे जिल्ह्यात कुणाच्या हाताला नाही, असं तो म्हणत नसे. पण कुणी म्हटलं तर अडवतही नसे.

असा हा माणूस दसऱ्याच्या आदल्या दिवशी रहाटणीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढला.

हॉलमधल्या शोकेसच्या काचा पुसायच्या होत्या. पुसत होती त्याची बायको चित्रा. ती आकुर्डीच्या शाळेत गणित शिकवायची आणि गेली चोवीस वर्षं त्याच काचा पुसत आली होती. पण त्या दिवशी गुरुदत्तला सुट्टी होती आणि सुट्टीच्या दिवशी त्याला घरातल्या चुका दिसायच्या.

"तू राहू दे," तो म्हणाला. "काच आहे. तुझ्या हाताला अंदाज नाही."

"अहो, तो स्टूल डुगडुगतोय," चित्रा म्हणाली.

स्टूल डुगडुगतोय हे गुरुदत्तला चांगलंच माहीत होतं. त्याचा एक पाय झिजला होता, आणि तो किती झिजला असेल हे तो नुसत्या नजरेनं सांगू शकला असता. कंपनीत अशी वस्तू समोर आली असती तर तिला लाल रंग फासून त्यानं ती कुलपात टाकली असती. घरी मात्र तो तिच्यावर चढला. दुसऱ्या मिनिटाला स्टूल एकीकडे आणि गुरुदत्त दुसरीकडे झाला, आणि त्याचा डावा हात कोपरापर्यंत शोकेसच्या काचेतून आत गेला.

चित्रानं त्याच्या हाताला ओढणी घट्ट बांधली आणि स्वतः गाडी काढली. रक्त थांबत नव्हतं. अशा अवस्थेतही काळेवाडी फाट्यापर्यंत गुरुदत्तनं तिला दोनदा क्लचवरचा पाय काढायला सांगितलं.

मनगटाच्या चार बोटं वर, करंगळीच्या बाजूला काच खोल शिरली होती. दोन स्नायूंच्या दोऱ्या आणि एक नर्व्ह, सरळ कापलेली. ऑपरेशननंतर सर्जन बघायला आले आणि म्हणाले, "नर्व्ह शिवली आहे. पण तिच्या आतले तंतू आता जखमेपासून बोटांपर्यंत नव्यानं वाढत जायला हवेत. सुरुवातीला काही आठवडे काहीच होणार नाही. मग साधारण दिवसाला एक मिलिमीटर धरा."

भूल पुरती उतरली नव्हती, तरी गुरुदत्तनं विचारलं, "टॉलरन्स किती?"

"काय?"

"म्हणजे अधिक-उणे किती?"

सर्जननी चित्राकडे बघितलं. चित्रा म्हणाली, "त्यांना बरं वाटतंय म्हणून विचारतायत."

घरी आल्यावर त्यानं पट्टीनं जखमेपासून करंगळीच्या टोकापर्यंतचं अंतर मोजलं. दोनशे पंचवीस मिलिमीटर. कॅलेंडरवर त्यानं पुढच्या जुलैमधल्या एका तारखेभोवती गोल केला. नर्व्हला ही तारीख कुणी कळवली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलायचा: "नशीब, डावाच हात गेला." पहिल्या दहा जणांना गुरुदत्तनं खिन्नपणे मान हलवून उत्तर दिलं. चाळिसाव्या माणसापर्यंत तो स्वतःच ते वाक्य आधी बोलून टाकायला लागला, आणि तेही अशा थाटात, की जणू पडता पडता आपणच विचारपूर्वक डावा हात पुढं केला होता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो कामावर रुजू झाला. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं, आणि दोन्ही आत वळलेली राहायची, म्हणून हाताला पट्टा होता. जड वस्तू उचलायची नाही, एवढी अट. गेजरूममध्ये त्याच्या हाताखाली साक्षी नावाची इंजिनिअर होती, दोन वर्षांपूर्वी कॉलेजातून आलेली, कमी बोलणारी. ती वस्तू आणून समोर ठेवायची आणि गुरुदत्त उजव्या हातानं मापं घ्यायचा. "एका हातावर गेजरूम चालवतोय," असं तो कँटीनमध्ये सांगायचा. लोक कौतुक करायचे. गुरुदत्त नको नको म्हणायचा आणि ते पुन्हा म्हणेपर्यंत थांबायचा.

पहिली चूक कपानं केली. निदान त्याला तरी तसंच वाटलं. सकाळी चहाच्या कपाकडे हात नेला, तर बोटं कपाच्या कानात जायच्या ऐवजी त्याच्या पोटावर आदळली आणि चहा बशीत आला. कान लहान केलेत हल्ली, तो म्हणाला. मग किल्लीनं चूक केली. कुलपाच्या भोकाच्या बाजूला दोनदा टेकली आणि तिसऱ्या वेळी गेली. मग लिफ्टच्या बटणानं. तिसऱ्या मजल्याऐवजी तो चौथ्यावर उतरला आणि जिन्यानं खाली येताना व्यायामाचं महत्त्व स्वतःला पटवत आला.

संक्रांतीला मात्र साक्षीदार होते. शेजारचे सोपानराव तिळगूळ द्यायला आले. हे निवृत्त पोस्टमास्तर, आणि त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. गुरुदत्तनं उजव्या हातानं तिळगुळाचा लाडू त्यांच्या तळहातावर ठेवला. लाडू तळहाताच्या कडेला लागून सोफ्याखाली गेला. दुसरा मनगटावर पडला आणि पहिल्याच्या मागोमाग गेला. तिसरा सोपानरावांनी स्वतःच ताटातून उचलला आणि म्हणाले, "केंजळे, गोड बोला म्हणताय आणि द्यायचं मात्र मनात दिसत नाही."

सगळे हसले. गुरुदत्तही हसला, आणि सगळे गेल्यावर बाथरूमचं दार लावून आरशासमोर उभा राहिला. डोळे मिटून उजव्या हाताचं बोट नाकाला लावायचं. बोट गालाला लागलं. पुन्हा केलं, ओठाला लागलं. मोबाइलवर शोधलं तर लकव्यापासून पुढं अशी एक यादी आली की शेवटपर्यंत वाचायला मन घट्ट करावं लागलं. त्यानं मोबाइल बंद केला आणि चष्म्याचा नंबर बदलला असणार, असा निष्कर्ष काढला. नवा चष्मा केला. नव्या चष्म्यातून कपावर आदळणारा हात अगदी स्वच्छ दिसायला लागला.

चित्राला त्यानं काही सांगितलं नाही. गेल्या चोवीस वर्षांत त्यानं तिच्या हाताला अंदाज नाही हे कितीदा ऐकवलं असेल, याचा हिशेब तिच्याकडे असणार अशी त्याला भीती होती. ती गणिताची बाई होती.

फेब्रुवारीत गिऱ्हाईक कंपनीची माणसं ऑडिटला यायची होती. त्याआधी एक परीक्षा घ्यावी लागते. तिला इंग्रजी अक्षरांचं लांबलचक नाव आहे, पण शॉपवरची, म्हणजे मशिनवर काम करणारी, माणसं तिला 'हाताची परीक्षा' म्हणतात. तीन माणसं, दहा वस्तू. प्रत्येकानं प्रत्येक वस्तू तीनदा मोजायची, आधीचा आकडा न बघता. शेवटी संगणक सांगतो, मापांत जो फरक पडतोय तो हत्याराचा आहे की माणसाच्या हाताचा. गुरुदत्तनं ही परीक्षा आयुष्यात शेकडो वेळा घेतली होती आणि दर वेळी कुणा ना कुणाच्या नावापुढं 'ऑपरेटरची चूक' असा शेरा मारला होता. तो शेरा मारताना त्याचं अक्षर विशेष सुंदर यायचं.

या वेळी तिघांत गुरुदत्त, साक्षी आणि नवनाथ होते. नवनाथ हा चाकणजवळच्या जुन्या गावातला, शेतकरी घरातला माणूस. पंधरा वर्षं मशिनवर होता. तिघांनी मापं घेतली. साक्षीनं संगणकात निकाल काढला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत बसली.

"काय झालं?" गुरुदत्तनं विचारलं.

"सर, फरक जास्त येतोय. एका ऑपरेटरचा."

"नवनाथचा असणार. त्याला सांगितलं होतं, घाई करू नकोस."

"नवनाथदादांचा सगळ्यात कमी आहे, सर."

गुरुदत्त पडद्यापाशी गेला. ऑपरेटर 'अ' च्या रेघा डोंगरासारख्या वरखाली जात होत्या. ऑपरेटर 'अ' तो स्वतः होता.

त्यानं लगेच निदान केलं: गेज खराब आहे. दुसरं गेज आणलं, पुन्हा मापं घेतली, पुन्हा तेच डोंगर. मग त्यानं खोलीचं तापमान बघितलं. बरोबर वीस अंश. आता एकच आरोपी उरला होता.

"साक्षी, आकडे टाकताना तुझी चूक होतेय."

"मी आकडे टाकतच नाही, सर. गेजची वायर सरळ कॉम्प्युटरला जोडली आहे." साक्षी थांबली आणि मग हळूच म्हणाली, "तुम्हीच गेल्या वर्षी जोडून घेतलीत. माणसाकडून चूक होऊ नये म्हणून."

नवनाथनं हातातलं फडकं घडी करून टेबलावर ठेवलं.

"साहेब, राग धरू नका," तो म्हणाला. "आधी तुमचा हात काट्याच्या वळनावर थांबायचा. आता तो थांबत न्हाई. जरा म्होरं जातो, आन् मंग माघारी येतो. मला वाटलं तुमाला म्हाईत हाय."

"केव्हापासून?"

"तुमी परत आलाव तवापासून. दोन-अडीच महिनं झालं."

"आणि कुणी बोललं नाही मला?"

नवनाथनं साक्षीकडे पाहिलं, साक्षीनं जमिनीकडे. "तुमाला कोन सांगनार, साहेब?" नवनाथ म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच असा कुणी माहीत नव्हता.

गुरुदत्त संध्याकाळच्या कंपनी बसनं घरी आला. चित्रा चहा घेऊन आली. त्यानं कपाकडे हात नेला नाही. खाली बघत सगळं सांगून टाकलं: कप, किल्ली, लिफ्ट, बाथरूममधलं नाक, आणि आजचे डोंगर. त्याचं शेवटचं वाक्य होतं, "मला वाटतं, मला काहीतरी मोठं झालंय."

चित्रानं ऐकून घेतलं. मग कप त्याच्या बाजूला सरकवला आणि कपाचा कान त्याच्याकडे वळवला.

"डिसेंबरपासून मी कप असाच ठेवतेय," ती म्हणाली. "तुमच्या लक्षात नाही आलं?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, कपच वाकडा आहे. मागच्याच महिन्यात सर्जनना फोन करणार होते. पण म्हटलं, तुम्ही स्वतः बोलाल. उद्या सुट्टी काढते. जाऊ."

सर्जननी तपासलं, मेंदूचा स्कॅन करून घेतला. लकवा नव्हता, गाठ नव्हती, काहीच नव्हतं. त्यांनी चिंचवडच्या एका थेरपिस्टचा पत्ता दिला. तिचं नाव ऋता. जेमतेम तिशीची, केस वर बांधलेले. तिनं गुरुदत्तला पहिल्याच वाक्यात "काका" म्हटलं. बावन्नाव्या वर्षी 'काका' ऐकायला तो तयार नव्हता, पण त्या आठवड्यात तो बऱ्याच गोष्टींना तयार नव्हता.

तिनं एक लाकडी फळी पुढं ठेवली. तिला भोकं होती आणि शेजारी वाटीत खुंट्या. "एकेक खुंटी उचलायची, भोकात घालायची. उजव्या हातानं. मी वेळ लावते."

हे म्हणजे गेजरूममधल्या माणसाला बालवाडीत बसवणं झालं. गुरुदत्त मनातल्या मनात हसला आणि पहिली खुंटी भोकाच्या बाजूला टेकवली. तिसरी हातातून सुटून ऋताच्या चपलेपाशी गेली. सगळ्या खुंट्या लागेपर्यंत त्याच्या कपाळावर घाम आला होता. ऋतानं आकडा वहीत लिहिला. तो आकडा तिनं बोलून दाखवला नाही, आणि त्यानं विचारला नाही.

"काका, तुमच्या उजव्या हाताला काही झालेलं नाही," ती म्हणाली.

"तेच मी म्हणतोय."

"पण तो पहिल्यासारखा चालतही नाही. दोन्ही खरं आहे. आपण शाळेत शिकतो की मेंदूचा डावा भाग उजवा हात चालवतो आणि उजवा भाग डावा. ते खरं आहे, पण पुरतं नाही. दोन्ही भागांचं दोन्ही हातांवर थोडं थोडं लक्ष असतं. आता तुमच्या डाव्या हाताकडून येणारी बातमी एकदम बंद पडली. मेंदूला सगळी मांडामांड नव्यानं करावी लागते. त्या गडबडीत चांगल्या हाताच्या हालचालीही बिघडलेल्या दिसतात काही जणांत. सगळ्यांत नाही, आणि नेमकं कसं होतं यावर अजून अभ्यास चालू आहे. त्यात तुम्ही दोन हातांचं काम एकावर टाकलंत. तेही आहेच."

"म्हणजे ज्या हाताला काही झालं नाही, त्यालाच झालंय."

"हाताला नाही हो, काका. हात चालवणाऱ्याला."

"बरा होईल?"

"खूप सुधारेल असं वाटतं. पण आकडा मागू नका. तुमची सवय सर्जननी कळवली आहे मला."

क्लिनिकच्या पायऱ्या उतरताना गुरुदत्तला दोन महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली. आपण म्हातारे झालो नाही, वेडे झालो नाही, आपल्याला एक रीतसर, शास्त्रोक्त बिघाड आहे! चित्रानं कोपऱ्यावरून वडापाव आणले. तो पहिला घास घेणार, एवढ्यात त्याचा हात थांबला. या वेळी नेमका थांबला.

डिसेंबरपासून त्यानं याच हातानं हत्यारं तपासून पास केली होती. रजिस्टरमध्ये त्यांच्यापुढं याच हातानं सही केली होती. तीच हत्यारं शॉपवर फिरत होती.

दिवसभर त्यानं स्वतःशी वकिली केली. फरक काही मायक्रॉनचा असेल. कुणाला कळणार नाही. ऑडिट नऊ दिवसांवर आहे, आत्ता बोललं तर कंपनीचंच नुकसान, आणि कंपनीचं नुकसान करणारा तो कोण? ऑडिटनंतर एकेक हत्यार हळूच मागवून पुन्हा तपासू. युक्तिवाद इतका चोख होता की ऐकणारा दुसरा कुणी असता तर त्याला पटला असता. पण गुरुदत्तनं सव्वीस वर्षं नेमकी हीच कारणं सांगणाऱ्या माणसांना खोलीबाहेर काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो क्वालिटी मॅनेजर शार्दूलच्या केबिनमध्ये गेला. छत्तिशीचा शार्दूल एके काळी गुरुदत्तच्या हाताखाली शिकला होता आणि अजूनही त्याला सर म्हणायचा. गुरुदत्तनं रजिस्टर पुढं ठेवलं. "डिसेंबर ते आजपर्यंत मी पास केलेली एक्केचाळीस हत्यारं आहेत. सगळी परत मागव. माझ्या मापांचा भरवसा नाही."

शार्दूलनं डॉक्टरांचा कागद वाचला, मग रजिस्टर बघितलं, मग डोकं धरलं. "सर, हे आत्ताच सांगायला हवं होतं का?"

"महिन्यापूर्वी सांगायला हवं होतं. तेव्हा मी चष्मा करत होतो."

चार दिवस साक्षी आणि नवनाथनं सगळी हत्यारं पुन्हा तपासली. गुरुदत्त शेजारी खुर्चीवर बसला होता. त्याला हात लावायची परवानगी नव्हती आणि सूचना देण्याची सवय होती. पहिल्या दिवशी त्यानं साक्षीला सतरा सूचना दिल्या. दुसऱ्या दिवशी तिनं गेज खाली ठेवून, अगदी शांतपणे विचारलं, "सर, मी तुमच्याकडूनच शिकलेय ना?" त्यानंतर तो गप्प बसला. गप्प बसल्यावर त्याला दिसलं, की ती गेज झुलवताना श्वास रोखून धरते, आणि नवनाथ डोळे मिटतो. दोघंही काट्याच्या वळणावर थांबत होते. पुणे जिल्ह्यात एवढे हात आहेत हे त्याला कळलं नव्हतं.

एक्केचाळिसांतली एकोणचाळीस बरोबर निघाली. दोन चुकली होती. त्यातल्या एकानं शॉपवर सहाशे भाग मोजले गेले होते. नशिबानं ते अजून गोडाऊनमध्येच होते. सगळे पुन्हा मोजले आणि अकरा बाद झाले.

आता रिवाजाप्रमाणे एक फॉर्म भरायचा होता. चूक का झाली, असं पाच वेळा विचारायचं आणि दर वेळी उत्तर लिहायचं, म्हणजे चुकीचं मूळ सापडतं. गुरुदत्तनं तो स्वतःच भरला.

माप का चुकलं? उजव्या हाताची हालचाल बिघडली होती. ती का बिघडली? डाव्या हाताची नर्व्ह कापली. ती का कापली? हात काचेतून गेला. का गेला? नापास स्टुलावर चढलो. का चढलो? बायकोचं ऐकलं नाही.

शार्दूलनं फॉर्म वाचला. "सर, शेवटचं उत्तर काढावं लागेल."

"तेच मूळ आहे."

"मान्य आहे. पण त्यावर उपाययोजनाही लिहावी लागते, आणि तारीख टाकावी लागते."

शेवटी फॉर्मवर असं गेलं, की आजारपणातून परतलेल्या प्रत्येकानं आधी हाताची परीक्षा द्यावी, मग सही करावी. ऑडिटला आलेल्या बाईंनी तो कागद दोनदा वाचला, काही शंका विचारल्या आणि शेरा मारला, पण काम थांबवलं नाही. गुरुदत्तचं नाव सही करणाऱ्यांच्या यादीतून निघालं. तिथं साक्षीचं लागलं. त्या संध्याकाळी बसमध्ये तो खिडकीशी बसला. वाईट वाटलंच. आपण न थांबवलेलं सगळं कौतुक त्याला एकेक करून आठवलं.

मग सुरू झाला व्यायाम. ऋतानं सांगितलं होतं, हळू, बघून, आणि दोन्ही हात मिळून. रोज संध्याकाळी चित्रा शाळेच्या वह्या तपासायला बसायची आणि तिच्यासमोर गुरुदत्त राजम्याचे दाणे उचलून बाटलीत टाकायचा. डाव्या हातानं बाटली धरायची, उजव्यानं दाणा. दाणा बाहेर पडला की चित्रा वहीतून डोकं वर न काढता "एक" म्हणायची. मार्चमध्ये ती तिसावर जायची. एप्रिलच्या शेवटी सातावर थांबायची. एकदा तो चिडून म्हणाला, "तू टाकून दाखव." तिनं चाळीस दाणे एका हातानं, वही तपासता तपासता टाकले. एकही बाहेर गेला नाही. तो बराच वेळ नुसता तिच्या हाताकडे बघत राहिला.

जूनमध्ये तो ऋताकडे गेला तेव्हा बाकावर एक साठीच्या बाई बसल्या होत्या. गोजाबाई, चऱ्होलीच्या. दिवाळीत त्यांचा डावा हात कडबाकुट्टीच्या यंत्रात सापडला होता आणि कोपराखाली नर्व्हला मार बसला होता. त्या ऋताला हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या आणि मधेच दाराकडे बघत होत्या. ऋतानं गुरुदत्तला खूण केली. "काका, जरा या. आजी, तुम्ही मला सांगितलं ते यांना सांगा."

गोजाबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "आता ह्यास्नी कशापायी? बरं. उजवा हात बी ऐकंना माझा. भाकरी तव्यावर टाकाया जाते, तर निम्मी चुलीत. पानी वतते तर तांब्याच्या भाइर. सून म्हनती, आत्याबाईंचं वय झालं."

"माझंही असंच झालं होतं," गुरुदत्त म्हणाला. "डावा कापला आणि उजवा बिघडला. तो वयानं नाही बिघडत. आता बराच सुधारलाय."

"तुमी डाक्तर हाय का?"

"नाही. मी कंपनीत लोकांच्या हातांच्या चुका काढायचो."

"मंग तुमाला तुमचं लगीच समजलं आसंल."

"मलाच समजलं नाही. बाकी सगळ्यांना समजलं होतं."

गोजाबाई इतक्या मोठ्यानं हसल्या, की बाहेर फोनवर बोलणारी त्यांची सून दार ढकलून आत आली. मंजुषा तिचं नाव. ऋतानं तिला सगळं समजावून सांगितलं: डाव्याची बातमी बंद, मेंदूची मांडामांड, भाकरी का चुकते. गुरुदत्तनं मधे मधे भर घातली. मंजुषा लक्षपूर्वक ऐकत होती. सगळं झाल्यावर ती सासूकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते.

"मंग इतकं दिस का न्हाई सांगितलं, आत्याबाई? मी उगा तुमाला बोलत ऱ्हायले."

गोजाबाई आणि गुरुदत्त, दोघंही एकाच वेळी भिंतीवरचा हाताच्या हाडांचा तक्ता फार बारकाईनं वाचायला लागले.